शेवटचे तीस मीटर : प्रस्तावना

कामठ्याजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपले, भोवतीची धानशेती चालूच राहिली आणि पुढे कितीतरी वर्षांनी त्याच पट्टीवर वैमानिक घडवण्याचे काम सुरू झाले. मार्च २०२२ मध्ये बिरसीहून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली, पण गोंदिया जिल्ह्याच्या आकाशाची मुख्य ओळख आहे ती शिकाऊ विमानांची. रोवणीला वाकलेली माणसे त्या आवाजाला इतकी सरावली आहेत की कोणी मान वर करत नाही. थोडा वेळ थांबून पाहिले, तर या विमानांचा पुष्कळसा वेळ एकाच धड्यात जातो हे लक्षात येते. विमान उठते, चौकोनी फेरी घालते, धावपट्टीला चाके टेकवते आणि लगेच पुन्हा उठते. वर जायला विद्यार्थी लवकर शिकतो. खाली येणे मात्र त्याला पुन्हा पुन्हा गिरवावे लागते.

हे पुस्तक माल पोचवणाऱ्या स्वयंचलित ड्रोनच्या खाली येण्याविषयी आहे. ड्रोन किती लांब जातो, किती वजन उचलतो, किती वेगाने जातो याची चर्चा वर्तमानपत्रांत भरपूर होते. ज्या क्षणी तो औषधाची पेटी घेऊन उपकेंद्राच्या अंगणावर येऊन थांबतो आणि तिथून जमिनीकडे निघतो, त्या क्षणापासूनची चर्चा जवळजवळ कुठेच होत नाही. खरी कसोटी तिथे आहे. मोकळ्या आकाशात पाच मीटर इकडे-तिकडे झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. अंगणात पाच मीटर म्हणजे एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला विजेची तार आणि तिसऱ्या बाजूला खेळणारे मूल. या शेवटच्या तीस मीटरांत जे काही घडते, त्यावरच पेटी पोचली की नाही हे ठरते.

उतरणे किती कठीण असते हे आपल्या देशाने एकदा सगळ्यांनी मिळून पाहिले आहे. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे चांद्रयान-२चे विक्रम लँडर चंद्राच्या जमिनीपासून दोनेक किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. लाखो किलोमीटरचा प्रवास सुखरूप झाला होता. राहिला होता तो शेवटचा टप्पा. चांद्रयान-३च्या वेळी इस्रोने ज्या सुधारणा केल्या, त्यांतल्या दोन आपल्या विषयाच्या थेट कामाच्या आहेत. उतरण्यासाठी आखलेले क्षेत्र ५०० मीटर गुणिले ५०० मीटरवरून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर इतके मोठे केले. आणि सुमारे १५० मीटर उंचीवर थबकून, खालच्या जमिनीचे चित्र घेऊन, खड्डे आणि दगड टाळून जागा निवडण्याची सोय केली. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी लँडर सुखरूप टेकले. पुढे २० जानेवारी २०२४ला जपानचे स्लिम हे यान ठरवलेल्या बिंदूपासून १०० मीटरच्या आत उतरण्याचे उद्दिष्ट घेऊन चंद्रावर गेले आणि सुमारे ५५ मीटरवर उतरले. अवकाशविज्ञानाच्या इतिहासात ही थक्क करणारी अचूकता आहे. सालेकसा तालुक्यातल्या उपकेंद्रापासून ५५ मीटरवर उतरणारा ड्रोन मात्र शेजारच्या बोडीत पडेल. त्याला ३० सेंटिमीटरच्या आत उतरायचे आहे, तेही रोज.

मग चंद्रापेक्षा सालेकसा अवघड आहे का? माझे उत्तर या पुस्तकाच्या मुळाशी आहे, म्हणून ते इथेच सांगतो. चंद्रावर मदतीला कोणी नव्हते. यानाला सगळी बुद्धी सोबत न्यावी लागली, कारण खाली ना कोणी जागा झाडून ठेवणार होते, ना खूण रंगवणार होते, ना वारा सुटला आहे असे सांगणार होते. उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, आशाताई आहेत, गाव आहे. उतरण्याची निम्मी बुद्धी जमिनीवर ठेवता येते. ज्या कंपन्या ड्रोनलाच सर्वज्ञ बनवण्याच्या मागे लागतात, त्या चंद्रावरचा प्रश्न गावात आणून सोडवू पाहतात असे मला वाटते. बिरसीच्या वैमानिकालाही आपण एकट्याच्या डोळ्यांवर सोडत नाही. त्याला आखलेली पट्टी मिळते, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी मिळते, मनोऱ्यावरचा माणूस मिळतो. बिनवैमानिकाच्या यंत्राकडून मग याहून जास्त अपेक्षा का ठेवावी?

आता जमीन कशी आहे ते पाहू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, वैनगंगा, बाघ, गाढवी या नद्या, मालगुजारीच्या काळातले तलाव, ज्यांना इथे मामा तलाव म्हणतात, आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या बाजूंना दाट होत जाणारे जंगल. नकाशावर हा प्रदेश सपाट वाटतो. ड्रोनच्या दृष्टीने तो तसा नाही. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी उभे असते आणि त्या पाण्याच्या आरशावरून लेझरने उंची मोजणारे उपकरण गोंधळते, कारण त्याचा किरण परत येण्याऐवजी भलतीकडे परावर्तित होतो. उरतात ते धुरे, वीतभर ते हातभर रुंदीचे. त्यांवर माणूस चालू शकतो, ड्रोन उतरू शकत नाही. कोरडी, सपाट, मोकळी जागा गावात मोजकीच असते: शाळेचे पटांगण, ग्रामपंचायतीसमोरची फरशी, उपकेंद्राचे अंगण. कापणीनंतर नेमक्या त्याच जागांवर धान वाळत पडलेले असते. सिमेंटची मोकळी जागा दिसली की तिथे धान पसरायचे हा इथला रिवाज आहे आणि तो अगदी रास्त आहे. ड्रोनसाठी जागा राखायची तर हा रिवाज धरूनच आखणी करावी लागेल. गावाला हटवून उतरण्याचा तळ उभा राहत नाही.

तारांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला अडकून कोसळले आणि प्रशिक्षक व विद्यार्थी दोघांचाही जीव गेला. तार दुरून दिसत नाही, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. ड्रोनच्या कॅमेऱ्यालाही ती दिसत नाही, आणि याचे कारण साध्या गणितात आहे. समजा कॅमेऱ्याचा दृष्टिकोन ६० अंशांचा आहे आणि चित्राची रुंदी १२८० ठिपक्यांची. २० मीटर उंचीवरून त्याला खालची सुमारे २३ मीटर रुंद जमीन दिसते. म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ १.८ सेंटिमीटर. विजेच्या खांबावरून घराकडे जाणारी तार जमिनीपासून पाच-सहा मीटरवर असते आणि तिची जाडी साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. ती ठिपक्याच्याही आत हरवते. ड्रोन खाली येत जातो तशी ती स्पष्ट होते खरी, पण तोवर थांबायला जागा उरलेली नसते. म्हणून तारा ओळखण्याचे काम उतरणाऱ्या ड्रोनवर सोपवू नये. ते आधी, माणसाने, दिवसाउजेडी जाऊन करावे आणि नकाशात कायमचे नोंदवावे.

आपण कुठे आहोत हे ड्रोनला कसे कळते? पहिला आधार उपग्रहांचा. मोबाईलमध्ये असते तसे साधे जीपीएस उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत अचूकता देते. झाडोरा किंवा भिंत जवळ असली की संदेश तिच्यावर आपटून उशिरा पोचतो आणि चूक वाढते. त्यावर आपल्या देशाने केलेला उपाय म्हणजे गगन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेल्या या व्यवस्थेत देशभरातली संदर्भ केंद्रे उपग्रहांच्या संदेशातली चूक सतत मोजतात आणि तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत सर्वांना पाठवतात. त्यांपैकी एक केंद्र नागपूरला आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या मार्गदर्शनाने उतरले. प्रवासी विमानासाठी ही अचूकता उत्तम आहे, कारण तिथे ३० मीटर किंवा त्याहून रुंद धावपट्टी वाट पाहत असते. अंगणासाठी ती अपुरी पडते.

अंगणासाठी लागते ती आरटीके पद्धत. तिची कल्पना मला फार सुंदर वाटते. साधा जीपीएस ग्राहक संदेशाला यायला लागलेला वेळ मोजतो. आरटीके त्या संदेशाला वाहून आणणारी लहरच मोजते. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे आणि तिचा अगदी लहान अंशही मोजता येतो, म्हणून अचूकता सेंटिमीटरवर येते. अडचण एवढीच की उपग्रह आणि ड्रोन यांच्यामध्ये अशा किती अखंड लहरी मावल्या आहेत हे आरंभी माहीत नसते. ते शोधण्यासाठी जवळपास एक ठावठिकाणा पक्का असलेले केंद्र लागते आणि त्या केंद्राचे मोजमाप ड्रोनपर्यंत सतत पोचावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे जाळे देशभर उभारले आहे आणि महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या राज्यांपैकी आहे. मात्र या जाळ्याचा उपयोग मोबाईल इंटरनेटवरून होतो. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात ते विरळ होत जाते. तिथे उपकेंद्राच्या छतावरच स्वतःचे छोटे केंद्र बसवणे हा मार्ग उरतो, आणि तो महागडाही राहिलेला नाही.

उंचीबद्दल आणखी एक सापळा आहे. बहुतेक ड्रोन हवेच्या दाबावरून उंची काढतात. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक पडला की उंचीत आठ-साडेआठ मीटरचा फरक दिसतो. जूनमधल्या दुपारी ड्रोन गोंदियाहून निघाला आणि वाटेत वादळी ढग चढून आले, तर एवढा फरक पडायला फार वेळ लागत नाही. ड्रोनला वाटेल आपण जमिनीपासून दहा मीटरवर आहोत. प्रत्यक्षात तो दोनवर असेल. म्हणून शेवटच्या टप्प्यात दाबमापकाचे ऐकणे थांबवून लेझर किंवा रडारच्या उंचीमापकाकडे वळावे लागते, आणि कोणत्या क्षणी वळायचे हे ठरवणे ही या विद्येतली एक नाजूक कला आहे. तिच्यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

इतके झाल्यावर ड्रोनला स्वतःचा ठावठिकाणा कळतो. खालची जागा मोकळी आहे का, हे त्याला अजूनही कळलेले नसते. इथे कॅमेरा आणि खूण येतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एडविन ओल्सन यांनी विकसित केलेले एप्रिलटॅग आणि स्पेनच्या कोर्दोबा विद्यापीठातले अरुको ही काळ्या-पांढऱ्या चौकोनांची चिन्हे आज जगभर वापरली जातात. चिन्हाचे खरे माप आणि कॅमेऱ्याची भिंगे माहीत असली की चित्रातल्या चार कोपऱ्यांवरून ड्रोनला आपले अंतर, दिशा आणि कल सगळे काढता येते. वरच्याच हिशेबाने पाहिले तर एक मीटरचे चिन्ह २० मीटरवरून सुमारे ५५ ठिपक्यांचे दिसते. ओळखायला ते पुरेसे आहे. पण ड्रोन एक मीटरवर आला की कॅमेऱ्याला जेमतेम १.१५ मीटर जमीन दिसते. थोडासा कल झाला की चिन्हाचा कोपरा चौकटीबाहेर जातो आणि अगदी ऐन वेळी ड्रोन आंधळा होतो. म्हणून मोठ्या चिन्हाच्या पोटात लहान चिन्ह आणि त्याच्या पोटात आणखी लहान, अशी रचना करतात.

हे सगळे प्रयोगशाळेच्या फरशीवर छान चालते. आषाढात अंगणावर चिखल येतो, उन्हाळ्यात पांढरा रंग इतका तळपतो की कॅमेऱ्याला काळा-पांढरा फरक दिसेनासा होतो, आणि कार्तिकात तणसाच्या काड्या चिन्हावर येऊन पडतात. रंगवलेल्या चिन्हाला रोज झाडू लागतो. चकाकी नसलेला, रस्त्यावर पट्टे मारायला वापरतात तसला रंग घ्यावा आणि चिन्ह जमिनीपासून वीतभर उंच चौथऱ्यावर असावे, असे माझे मत आहे; चौथऱ्यावर पाणी साचत नाही आणि तो ड्रोनचा आहे हे न सांगता कळते. संध्याकाळी किंवा रात्री उतरायचे असेल तर ठरावीक लयीत लुकलुकणारे अवरक्त दिवे वापरतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, ड्रोनला दिसतात, आणि लय ठरलेली असल्यामुळे इतर उजेडात ते मिसळत नाहीत.

उपग्रह, दाबमापक, लेझर, कॅमेरा आणि हालचाल जाणणारे संवेदक असे पाच साक्षीदार आणि पाचही वेगवेगळे सांगतात. त्यांचा वेगही सारखा नसतो. हालचालीचा संवेदक सेकंदाला शेकडो वेळा बोलतो पण थोड्याच वेळात भरकटतो. कॅमेरा भरकटत नाही, पण त्याचे चित्र वाचून होईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जातो. तेवढ्यात वाऱ्याने ड्रोन सेकंदाला दोन मीटरने सरकत असेल तर चित्रातली जागा २० सेंटिमीटर मागे राहिलेली असते. डोक्यावर भरली घागर घेऊन धुऱ्यावरून चालणारी बाई पावलागणिक खाली पाहत नाही. तोल मानेला आणि कमरेला क्षणोक्षणी कळत असतो. डोळा मधून मधून वाटेचा अंदाज घेतो आणि शरीराची समजूत दुरुस्त करतो. जलद पण भरकटणाऱ्या साक्षीला हळू पण भरवशाच्या साक्षीने सावरण्याची ही युक्ती रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली गणितात मांडली. अपोलो यानांपासून आजच्या ड्रोनपर्यंत सगळे तिच्यावर चालले आहेत. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनीही या युक्तीवरचे प्रकरण सोडू नये. बारावीच्या गणितापलीकडचे त्यात फार थोडे आहे.

जमिनीजवळची हवा हा आणखी वेगळा विषय. पंधरा किलो वजनाचा, साठ सेंटिमीटर व्यासाचे सहा पंखे असलेला ड्रोन हवेत स्थिर राहायचा तर त्याला सतत हवा खाली ढकलावी लागते. हिशेब केला तर पंख्यांखालून निघालेल्या झोताचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जातो. हा झोत अंगणावर आपटतो, चहूकडे पसरतो, धूळ आणि तणस उडवतो. ती धूळ कॅमेऱ्यावर येते, लेझरच्या वाटेत येते. पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीवर आल्यावर खालची हवा जणू उशी होते आणि ड्रोन खाली यायला नाखूश होतो, बाजूला घसरू पाहतो. कसलेला वैमानिक हे हाताने सावरतो. स्वयंचलित ड्रोनला ते आधी शिकवून ठेवावे लागते. घाई केली तर आपटतो, रेंगाळला तर बॅटरी खातो. एक मिनिट जागच्या जागी तरंगणे म्हणजे सेकंदाला १५ मीटरच्या वेगाने साधारण एक किलोमीटरचा प्रवास गमावणे.

आपण टेकलो आहोत हे ड्रोनला कसे कळते, असा प्रश्न कोणी विचारला तर तो बालिश वाटेल. तसा तो नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पेंडल्टन येथे ॲमेझॉनचे दोन एमके-३० ड्रोन चाचणीत कोसळले. हलक्या पावसात लेझर संवेदकाने चुकीची उंची दिली, ड्रोनला आपण जमिनीवर पोचलो असे वाटले आणि हवेत असतानाच पंखे थांबले. आधीच्या मॉडेलमध्ये जमिनीला टेकल्यावर दाबले जाणारे साधे यांत्रिक बटण होते. नव्या मॉडेलमध्ये ते काढलेले होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या, एवढ्या पैशाच्या यंत्राला एका बटणाची उणीव भोवली. आपल्याकडे ड्रोन बनवणाऱ्या तरुणांनी ही घटना कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावी असे मला मनापासून वाटते. पावसाच्या प्रदेशात एकाच संवेदकाच्या शब्दावर पंखे थांबवता कामा नयेत.

उतरूच नये, असेही उत्तर काहींनी दिले आहे. झिपलाइन या कंपनीने ऑक्टोबर २०१६ पासून रवांडात रक्त पोचवायला सुरुवात केली; तिचे पंखधारी ड्रोन दवाखान्यावरून जाताना कागदी छत्रीला बांधलेली पेटी टाकतात आणि तळावर परत येऊन ताणलेल्या दोरीत अडकून थांबतात. विंग ही कंपनी ड्रोन वर थांबवून पार्सल दोरीने खाली सोडते. दोन्ही मार्ग हुशार आहेत. जिथे परत काही न्यायचे नाही तिथे ते पुरेसेही आहेत. आपल्या गरजेत मात्र परतीची फेरी तितकीच मोलाची आहे. सिकलसेलच्या तपासणीचा नमुना, थुंकीचा नमुना, रक्ताचा नमुना गावाकडून तालुक्याला न्यायचा असतो. त्यासाठी ड्रोनला टेकावेच लागेल. शिवाय दोरी आणि कडुनिंब यांचे जमत नाही.

आपल्या देशात हे काम सुरू होऊन काही वर्षे झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणातल्या विकाराबादला औषधांच्या ड्रोन चाचण्या सुरू झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मणिपुरात बिष्णुपूरच्या रुग्णालयाहून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस पाठवली. रस्त्याने २६ किलोमीटर, हवेतून १५. महाराष्ट्रात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या गावाला कोविड लशीच्या ३०० मात्रा गेल्या. सुमारे २० किलोमीटर, नऊ-दहा मिनिटांत. एरवी तीस-चाळीस मिनिटांची वाट. मे २०२३ मध्ये परिषदेने दिल्ली परिसरात रक्तपिशव्यांची चाचणी घेतली. रक्ताच्या बाबतीत उतरण्याचा धक्का हा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण जोरात आपटले तर पेशी फुटू शकतात. लशींच्या बाबतीत प्रश्न दोन ते आठ अंशांचा आहे, आणि गोठल्यामुळेही काही लशी निकामी होतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. जव्हार आणि सालेकसा यांच्यात मला बरेच साम्य दिसते: जंगल, डोंगर, आदिवासी वस्ती, पावसाळ्यात तुटणारी वाट. जव्हारचा प्रयोग एका दिवसाच्या बातमीत संपू नये.

पावसाळ्याबद्दल मात्र भाबडेपणा नको. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारा आणि गोंदिया जिल्हे विसरलेले नाहीत. अशा वेळी ड्रोन धावून येईल असे चित्र रंगवले जाते. ज्या रात्री पाऊस कोसळत असतो आणि वारा सुटलेला असतो त्या रात्री लहान ड्रोन उडतच नाही. त्याचा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो, जेव्हा आकाश उघडते पण पुलावरचे पाणी ओसरत नाही. रोवणीच्या हंगामात बांधीत साप चावलेल्या माणसासाठी सर्पदंशावरचे प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच साठलेले असले पाहिजे. साठा संपत आला की तो त्याच उघाडीत भरून काढणे हे ड्रोनचे काम. आणि नेमक्या त्याच उघाडीत अंगण सर्वांत चिखलाचे असते, चिन्ह गाळाखाली गेलेले असते, झाडाच्या फांद्या आणि तारा खाली लोंबत असतात. अचूक उतरण्याची परीक्षा त्या सकाळी घ्यावी. मार्चमधल्या स्वच्छ उन्हात मान्यवरांसमोर घेतलेल्या प्रात्यक्षिकाला मी परीक्षा मानत नाही.

परवानग्यांविषयी थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरवे, पिवळे आणि लाल अशा भागांत वाटले. मोकळ्या प्रदेशात ४०० फुटांपर्यंत हिरवे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. त्याहून जवळ नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय जमिनीपासूनच मनाई. बिरसीभोवती शिकाऊ विमाने कमी उंचीवर फिरत असल्याने या नियमाकडे इथे कोणी कागदी कटकट म्हणून पाहू नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पावरून जायचे तर वनविभागाला विचारावे लागेल. नक्षलवादाची झळ सोसलेल्या भागात अनोळखी ड्रोन दिसला की पोलीसही सावध होतात आणि गावकरीही. तिथे मार्ग आणि वेळ आधी जाहीर करणे हाच शहाणपणा. आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तोही मोजक्या संख्येने, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो. विजेच्या तारांनी त्याचे आधीच नुकसान केले आहे. त्या महिन्यांत घरट्यांच्या बांध्या सोडून मार्ग आखणे ड्रोनला अजिबात अवघड नाही, फक्त कोणीतरी त्या बांध्या नकाशात टाकल्या पाहिजेत. ज्या शेतकऱ्यांनी ही घरटी जपली त्यांनाच ते विचारता येईल.

जमिनीवरची निम्मी बुद्धी म्हणजे नेमके काय, ते आता सांगता येईल. चार मीटर गुणिले चार मीटरचा चौथरा. त्यावर पोटात चिन्ह असलेले चिन्ह. कोपऱ्यांवर अवरक्त दिवे, सौर पट्टीवर चालणारे. छतावर आरटीकेचे केंद्र आणि वारा मोजणारी भिंगरी, जिचा आकडा ड्रोनला निघण्याआधीच कळेल. भोवती दोरीचे कुंपण, गुरे येऊ नयेत म्हणून. आणि एक प्रशिक्षित माणूस, ज्याच्या हाती लाल बटण आहे. ते दाबले की ड्रोन काहीही न विचारता वर जातो आणि परत फिरतो. उतरणे रद्द करून पुन्हा वर जाणे बिरसीतल्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. ड्रोन बनवणाऱ्यांना मी अनेकदा उतरण्याचे यश टक्क्यांत सांगताना ऐकले आहे. न उतरण्याचा निर्णय किती वेळा बरोबर घेतला, हेही त्यांनी तितक्याच अभिमानाने सांगावे. हे बटण उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या हाती असावे, कंपनीच्या दूरच्या कार्यालयात नसावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. अंगणात मूल धावत आले हे तिला सर्वांत आधी दिसणार आहे. फवारणीच्या ड्रोनचे प्रशिक्षण घेतलेल्या बचतगटांच्या महिला आता ठिकठिकाणी आहेत. चौथऱ्याची देखभाल त्यांच्याकडे रोजगार म्हणून, मानधनासह द्यावी. फुकटच्या कामाचा आणखी एक बोजा आशाताईंवर टाकू नये.

पुढची प्रकरणे ज्यांच्यासाठी लिहिली आहेत ते वाचक म्हणजे तंत्रनिकेतनातले आणि आयटीआयतले विद्यार्थी, आरोग्य खात्यातले कर्मचारी आणि आपल्या गावात असे काही यावे असे वाटणारे सरपंच. तांत्रिक प्रकरणांआधी एक काम करून घ्यावे. आपल्या गावच्या उपकेंद्राचे अंगण मोजावे. लांबी-रुंदी, झाडे कुठे, त्यांचा पसारा केवढा, खांब कुठे, तारा कोणत्या दिशेने जातात, पाणी कुठे साचते, धान कुठे वाळत घालतात, वारा मे महिन्यात कुठून येतो आणि ऑगस्टमध्ये कुठून, मुले कोणत्या वेळी खेळतात. कागदावर एक मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात काढावे. असा नकाशा हाताशी असेल तर कॅमेऱ्याचे आणि लेझरचे प्रकरण वाचताना प्रत्येक आकडा कुठे लागू पडतो ते दिसत जाईल. तारेची उंची मोजायला शिडी किंवा काठी लावू नये. खांबाची सावली आणि जवळच उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली एकाच वेळी मोजून खांबाची उंची प्रमाणाने काढावी, आणि दोन खांबांच्या मध्ये तार किती झोळते ते लाइनमनला विचारून घ्यावे.